डावीकडे टोचतं

९ जानेवारी

आदरणीय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. आपली ओळख नाही. तुमच्या तरुण संघात रविवारी दुपारी एक मुलगी अगदी मागच्या बाकावर बसते (मागेच बसत असणार, मला ठाऊक आहे), ती माझी नात. घरात तिला खारू म्हणतो. लहानपणी पेन्सिलींची टोकं कुरतडायची, म्हणून खार. तीच पोरगी आता शहरात लोकांच्या कवळ्या बनवायला शिकते आहे.

पत्राचं कारण असं. काल तिच्या पाकिटातून तुमच्या संघाचा एक कागद आला. वर लिहिलंय 'साक्षीचा कागद'. खाली दोन रिकाम्या जागा. या व्यक्तीने नीट केलेलं असं काय तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं? आणि या व्यक्तीचं काय कमी पडताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं? तळाला बारीक अक्षरात, 'गुणी, शहाणी असले शब्द नकोत, घडलेलं लिहा.' आणि मग सही.

ताई, मी चौथी शिकलेला माणूस. पण एक्केचाळीस वर्षं आमच्या चर्चची घंटा ओढली, बाकं पुसली, ऑर्गनच्या मागे बसून भाता मारला. पाच पाळक आले नि गेले. कोण कशासाठी कागद पुढे सरकवतो, हे मला थोडंफार कळतं. सही कशाला हवी? माझ्या नातीचं काय कमी पडतं, हे परक्यांना कशाला कळायला हवं? तिला आईबाप नाहीत. ती पाच वर्षांची असल्यापासून मी आणि तिच्या आजीने वाढवली, आणि आजी जाऊन आता तीन वर्षं झाली. उद्या एखादं स्थळ आलं आणि हा कागद नेमका त्यांच्या हातात पडला तर निस्तरायला मीच आहे.

शिवाय पाकिटाचा डिंक दोनदा लावलेला दिसला. एकदा लावला, उघडलं, पुन्हा लावला. कुणी उघडलं?

खारू लिहिते, 'ताई म्हणतात, देवाने आपल्याला मोलाचं ठरवलंय, तर आपण स्वतःला रद्दी ठरवणारे कोण.' ऐकायला गोड आहे. आमच्या वेळी आम्हाला सांगायचे की आपण धूळ आहोत, आणि त्याने आमचं काही बिघडलं नाही. पोरांना असं हरभऱ्याच्या झाडावर चढवून तुम्हाला काय मिळतं, हे मला समजत नाही. म्हणूनच मनात पाल चुकचुकते. कुठेतरी पाणी मुरतंय.

कागद भरलेला नाही. आधी उत्तर द्या.

लिहिण्याच्या नादात दुधातला पाव पार विरघळला. तो चमच्याने खाल्ला आणि आता पत्र टाकायला निघतो.

खारूचे आजोबा


१७ जानेवारी

आदरणीय आजोबा,

तुमच्या पत्राने मला हसवलं आणि विचारही करायला लावला. रागावू नका.

डिंक दोनदा लागला तो माझ्या हातून. पाकिटं जुनी आहेत, चिकटत नाहीत. खारूने पाकीट माझ्यासमोर बंद केलं, ते उघडलं, मी वर पुन्हा डिंक फिरवला. आत काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.

ती मागच्याच बाकावर बसते. तेही खांबाच्या आड.

मी इथल्या हॉस्पिटलात काम करते. पडलेल्या, हाड मोडलेल्या, अर्धांग झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. दोन लोखंडी दांड्या असतात, त्यांच्या मधे त्यांना उभं करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला 'वा, छान' म्हणायचे. एक दिवस एक ट्रकड्रायव्हर माझ्यावर खेकसला. म्हणाला, "बाई, पाय फरफटतोय हे मला दिसतंय. तुम्ही छान म्हणता म्हणजे एक तर तुम्हाला दिसत नाही, नाही तर मी बरा होणार नाही असं तुम्ही धरून चाललाय." तेव्हापासून मी 'छान' म्हणणं सोडलं. टाच टेकली तर टेकली म्हणते, नाही टेकली तर नाही.

संघातली मुलंही तशीच येतात. काहींना वाटतं आपल्यात काहीच नाही. काहींची कुणी वाहवा केली की दोन दिवस ती हवेत असतात आणि तिसऱ्या दिवशी जमिनीवर आपटतात. दोघांचंही दुखणं एकच, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून आपली किंमत ठरवायची. मी त्यांना एवढंच सांगते, की देवाने तुम्हाला तुमच्या सगळ्या उण्यांसकट आधीच पदरात घेतलंय. ते काही परीक्षेचं बक्षीस नव्हे. आणि ज्याला आधीच पदरात घेतलंय, त्याला स्वतःची चूक ऐकायची भीती बाळगायचं कारण नाही. म्हणून दोन्ही रकाने, आणि म्हणूनच सही, कारण जो सही करतो तो जपून लिहितो.

कागद ज्याचा त्याच्याकडेच राहतो. खारूला वाटलं तरच ती तो वाचून दाखवेल. तुम्ही नाही भरला तरी चालेल.

धुळीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. फक्त ती धूळ कुणी हातात घेतली, तेही मुलांना कळायला हवं असं मला वाटतं.

संघाची ताई


२४ जानेवारी

आदरणीय ताई,

उत्तर मिळालं. ते तीनदा वाचलं. तुमचं बोलणं गुळगुळीत आहे, आणि गुळगुळीत फरशीवरून मी दोनदा घसरलेलो आहे. तरी खारूचा हट्ट आहे म्हणून कागद भरून पाठवतो. त्याची नक्कल करून मी माझ्या पेटीत ठेवली आहे, हेही सांगून ठेवतो. पुढेमागे त्यात कुणी शब्द घातला तर कळेल.

पहिल्या जागेत लिहिलं ते असं: 'सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्या जबड्याचं माप घेतलं. मेण कोमट करून माझ्या तोंडात घातलं तेव्हा तिचा हात थरथरत होता, पण माप घेतलं. दोन महिन्यांनी कवळी टपालाने आली. तिच्या हातची पहिली. मूळच्या दातांसारखी बसली. मी सफरचंद सालासकट खातो.'

दुसऱ्या जागेत: 'काही नाही.'

सही केली आहे. ती वाकडी आहे, पण माझीच आहे.

खारूचे आजोबा


१६ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही माझ्या नातीला काय केलंत?

दोन आठवडे तिचं पत्र नाही. दर शनिवारी यायचं. मी पोस्टमनला विचारून विचारून त्याला हैराण केलं. तो मला लांबून बघितलं की हात हलवून 'नाही' म्हणतो, आणि आता तो रस्ता बदलून जातो असा मला संशय आहे. परवा एकदाचं पत्र आलं. चार ओळी. 'आजोबा, मार्चच्या पंधरा तारखेला मी घरी येते. कायमची. हे काम माझं नव्हे. काळजी करू नका.'

कायमची! दोन वर्षांचं शिकणं, त्यातलं दीड वर्ष झालेलं. ज्या पोरीने या कामासाठी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता, ती चार ओळींत ते सोडते? अक्षरसुद्धा तिचं वाटत नाही. तिचा 'क' असा नसतो. कुणी समोर बसून लिहवून घेतलं का? लॅबच्या मालकाने काही केलं का? की तुमच्या त्या खोलीत पोरांनी तिच्या कागदाची थट्टा केली?

तुम्ही म्हणाला होता, कागदाने मुलं उभी राहतात. ही तर बसली.

ती घरी आली तर मला वाईट वाटेल असं समजू नका. तिची खाट मी उन्हात टाकली आहे. गादीचा कापूस नवा भरून घेतला. खिडकीचा पडदा धुतला. तिला इथे काही कमी पडणार नाही. पण कारण कळायला हवं. मी तुमच्या पाळकांनाही लिहिणार होतो, पत्ता सापडला नाही.

आजोबा


२१ फेब्रुवारी

आदरणीय आजोबा,

पत्र खारूनेच लिहिलं. कुणी लिहवून घेतलं नाही. घडलं ते सांगते. लपवण्यासारखं काही नाही, फक्त दुखण्यासारखं आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिने तुमचा कागद वाचला. तीन ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला, पण खांबाआडून पुढे येऊन वाचला. कुणी हसलं नाही. एक मुलगा एवढंच म्हणाला, "सालासकट? माझे स्वतःचे दात आहेत तरी मला जमत नाही!" त्यावर तीसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद मालकांना दाखवला. त्यांनी पहिल्यांदाच खऱ्या गिऱ्हाइकाचं पूर्ण काम तिच्या एकटीच्या हाती दिलं. निवृत्त झालेल्या एक गाण्याच्या बाई आहेत, त्यांची वरची-खालची कवळी. बाई ती घालून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. डावीकडे टोचतं म्हणाल्या. खारूने घासून दिली. त्या पुन्हा आल्या. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा हिरडीला जखम होती, आणि त्या मालकांना म्हणाल्या, "मला वाटलं होतं, इथे माणसं काम करतात."

त्या दिवसापासून ती संघात आली नाही. मी तिच्या होस्टेलवर गेले. ती म्हणाली, "ताई, आजोबांची बसली ती चुकून बसली. देवाला त्यांची दया आली असेल. दोन्ही वेळी मी सगळं तसंच केलं, एक पायरीसुद्धा वेगळी नाही. तरी एक बसते आणि दुसरी नाही, म्हणजे माझ्या हाताचा भरवसाच नाही." मी तिला समजावलं. पण खरं सांगू का, तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. सगळं तसंच केलं असेल, तर एक बसावी आणि एक न बसावी, हे कसं?

आजोबा, आता मी जे विचारते त्याने तुम्ही चिडाल.

तुमच्या पहिल्या पत्रात शेवटी लिहिलंय, की दुधातला पाव विरघळला तो तुम्ही चमच्याने खाल्ला. मी म्हाताऱ्या माणसांत दिवस काढते. सफरचंद सालासकट खाणारा माणूस पाव दुधात विरघळवून का खाईल? मी चुकत असेन तर तुमची क्षमा मागते.

ही शंका मी तिला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. ते माझं काम नव्हे.

ताई


२३ फेब्रुवारी

बाई,

माणसाने काय खावं, कशात बुडवून खावं, हे आता तुम्हाला विचारून ठरवायचं का? माझ्या तोंडात डोकावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मला पहिल्यापासून संशय होता की तुम्ही माझ्या पत्रांतून काहीतरी शोधताय.

मला दूधपाव आवडतो. लहानपणापासून.

यापुढे मला लिहू नका.


२८ फेब्रुवारी

बाळ खारू,

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. आधी पत्र वाच. पार्सल नंतर उघड.

पार्सलात तुझी कवळी आहे. ती आल्यापासून मी फार तर दहा दिवस घातली. पहिल्या दिवशी डावीकडे, मागच्या दातांपाशी टोचलं. मला वाटलं नवी आहे, नव्या चपलेसारखी सवय होईल. चौथ्या दिवशी गालाला आतून फोड आला. मग मी ती पेल्यात ठेवली. आता फक्त रविवारी उपासनेला घालतो, गीत म्हणताना काढतो, घरी आलो की पुन्हा पेल्यात. सफरचंद मी गेल्या चार वर्षांत चावलेलं नाही.

मी खोटं लिहिलं. तेही साक्षीच्या कागदावर, खाली सही करून. एक्केचाळीस वर्षं ज्याने चर्चची बाकं पुसली त्याने.

का लिहिलं ते सांगतो, कारण तू विचारशील. तू लहान असताना चित्र काढून आणायचीस आणि मी ते बघायच्या आधीच तू म्हणायचीस, 'वाईट आलंय ना?' तुझ्या आजीला ते बघवायचं नाही. ती कुठल्याही चित्राला म्हणायची, 'किती सुंदर!' मग तू आजीकडे अशी बघायचीस की आजीच खोटी पडली. मला ते दिसायचं. तरी मीही तेच केलं. मला वाटलं, पोरगी मोठ्या गावात एकटी आहे, तिला एक तरी माणूस 'बसली' म्हणणारा हवा. टोचतं म्हणालो तर ती खचेल. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती होती. टोचतं म्हणालो तर तू म्हणशील, मी एवढं केलं आणि या म्हाताऱ्याला त्याची कदर नाही.

अजून एक आहे. ते लिहायला सगळ्यात जड जातंय. काल सकाळपासून पाचदा लिहिलं आणि पाचदा कागद फाडला.

तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मी ताईंना रागाचं पत्र लिहिलं. पण ते लिहिण्याआधी मी तुझी खाट उन्हात टाकली होती. आधी खाट, मग राग. तू हरलीस याचं मला वाईट वाटलं नाही, बाळ. तू परत येतेस याचा मला आनंद झाला. या घरात संध्याकाळी मी स्वतःशी बोलतो आणि स्वतःच उत्तर देतो. म्हणून ताईंनी बरोबर ओळखलं तेव्हा मी त्यांना आगाऊपणाचं पत्र धाडलं. मी गप्प राहिलो असतो तर पंधरा तारखेला तू दारात उभी असतीस. मी चार दिवस गप्प राहून पाहिलं. रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसायचो आणि 'प्रभू' म्हटलं की पुढे शब्द यायचा नाही. पाचव्या दिवशी पार्सल बांधायला घेतलं.

आता तुझ्या मालकांना ही कवळी दाखव. माझं नाव सांग. म्हाताऱ्याने खोटं लिहिलं म्हणून सांग. मला काही वाटायचं नाही. म्हणजे वाटेल, पण त्याचं तू बघू नकोस.

पार्सल मी आतून दोन फडक्यांत गुंडाळलं आहे. टपालातली माणसं आपटतात. सुतळीच्या गाठी मोजून सात बांधल्या आहेत. सातपेक्षा कमी आढळल्या तर समज कुणी उघडलंय.

तुझे आजोबा

ता. क. ताईंनाही माफीचं पत्र टाकलं आहे.


८ मार्च

प्रिय आजोबा,

गाठी सातच होत्या. सातही कापाव्या लागल्या, सुटेनात.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की मी ते गादीखाली टाकून कामावर गेले. दिवसभर डोक्यात एकच चालू होतं, की ज्या कागदाच्या जोरावर मी खांबाआडून बाहेर आले, तोच खोटा निघाला. म्हणजे माझ्याबद्दल कुणी काही चांगलं बोललं तर ते कधीही खरं नसतं, असंच ना? मला तुमच्याशी बोलायचंच नव्हतं. अजूनही थोडं रागातच लिहितेय, हे कळू दे.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांनाही तुमचं पत्र मिळालं होतं. मी त्यांना म्हटलं, "बघा, आजोबासुद्धा." त्या म्हणाल्या, "कागदावर आणखी एक ओळ होती. मेण घालताना हात थरथरत होता पण माप घेतलं, ती खोटी आहे का?" ती खरी होती. माझा हात थरथरत होता आणि तुम्हाला ते दिसलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि आता डावीकडे टोचतं हे कळलं, त्याचं काय करणार?" मी म्हटलं, "काय करणार? दोन्ही बिघडल्या." त्या म्हणाल्या, "दोन्ही डावीकडेच?"

आजोबा, त्या एका शब्दावर मी उठून बसले.

दुसऱ्या दिवशी मी तुमची कवळी आणि गाण्याच्या बाईंची कवळी मालकांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आणि सांगितलं, "माझ्या दोन्ही चुकल्या आहेत. पहिलीचा कागद आजोबांनी प्रेमाने खोटा लिहिला होता." मला वाटलं, आता हे म्हणतील सामान बांध. त्यांनी दोन्ही कवळ्या दुसऱ्या टेबलावरच्या यंत्रात बसवून पाहिल्या. प्लास्टरचे वरचे-खालचे साचे ज्यात धरतात ते लोखंडी यंत्र असतं, मी मागे सांगितलं होतं, आम्ही त्याला जबडा म्हणतो. दोन्ही कवळ्या डावीकडे वर आलेल्या. दोन्हींत सारखंच, दोन पोस्टकार्डांच्या जाडीइतकं. मग ते माझ्या टेबलाकडे आले, माझा जबडा उचलला आणि हलवला. डाव्या बिजागरीचं भोक झिजून मोठं झालंय. तो मिटताना तिरका मिटतो. माझ्या टेबलावर दात अगदी नीट जुळायचे, कारण यंत्रच तिरकं होतं. माणसाच्या तोंडात गेले की टोचायचे.

म्हणजे माझा हात दोन्ही वेळा सारखाच चालला होता. भरवसा होता त्याचा! तुम्ही 'बसली' लिहिलं नसतंत तर हे दीड महिन्यापूर्वीच कळलं असतं. हे मी टोमणा म्हणून लिहितेय, आणि तो तुम्ही खायचा आहे.

पण सगळा दोष यंत्राचा नाही. पहिल्या दिवशी मालकांनी शिकवलं होतं, की रोज सकाळी काम सुरू करण्याआधी रिकामा जबडा मिटायचा, दोन्ही बाजूंना कागदाची बारीक पट्टी धरायची आणि ओढून बघायची. दोन्हीकडे सारखी अडकली पाहिजे. मी महिनाभर केलं आणि मग सोडून दिलं. मालक असताना मी कोण तपासणारी, असं वाटायचं. मालक म्हणाले, "अर्धी चूक माझी, मी जुनं यंत्र नव्या माणसाला दिलं. अर्धी तुझी." मग म्हणाले, "माझी अर्धी मी दुरुस्तीला टाकतो. तुझ्या अर्धीचं बघ तू."

आज रविवारी संघात गेले आणि हे सगळं सांगितलं. खांबापुढच्या बाकावर बसले. माझी अर्धी चूक आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि काही कोसळलं नाही. एरवी एवढीशी चूक झाली तरी मला वाटायचं, आता देवसुद्धा तोंड फिरवेल. या वेळी प्रार्थना करताना तसं वाटलं नाही. अर्धी चूक घेऊन त्याच्यापुढे बसता येतं.

पंधरा तारखेला मी घरी येत नाही. शिक्षण पुरं करते. हे वाचून तुम्ही खाटेकडे बघाल, ते मला इथून दिसतंय. मलाही तुमची आठवण येते. संध्याकाळी तर फारच. पण हरून आले असते तर ती खाट मला रोज टोचली असती.

बाईंची कवळी नव्याने करून देतेय, माप पुन्हा घेतलं. तुमचीही नव्याने करायची आहे, पण मालक म्हणतात या वेळी तोंड समोर हवं, टपालाने नाही. तेव्हा तुम्हीच या. बावीस तारखेला रविवार आहे, त्याच्या आधी गुरुवारी निघा. चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीत सोय केली आहे. नाही म्हणू नका.

तुमची खारू


१२ मार्च

बाळ खारू,

तुझा टोमणा खाल्ला. दातांशिवाय खाल्ला, तरी लागायचा तिथे लागला.

तू येणार नाहीस हे वाचून खाटेकडे बघितलं, हे तू बरोबर ओळखलंस. थोडा वेळ तिच्यावर बसलो. मग उठून चादर घडी करून ठेवली. मी दुःखात आहे असं समजू नकोस. दुःखात आहे, पण तू परत आली असतीस तर ज्या दुःखात असतो, त्यापेक्षा हे बरं आहे. हे मला नीट सांगता येत नाही. चौथी शिकलेला आहे.

निघतो. अठ्ठावीस वर्षं हे गाव सोडून बाहेर गेलो नाही, त्यामुळे काही गोष्टी आधी विचारून घेतो. पाहुण्यांच्या खोलीला आतून कडी आहे का? नुसता बोल्ट नको, कडी पाहिजे. स्टँडवर तू स्वतः येशील ना? 'मी खारूने पाठवलाय' म्हणणाऱ्या कुणाबरोबरही मी जाणार नाही, मग तो पाळक असला तरी. बसमध्ये माणसं शेजारच्याला खायला देऊन गुंगी आणतात असं ऐकलं आहे. मी काही घेणार नाही. घेऊन चावणार तरी कशाने.

त्या ताईंनी माझ्या माफीच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही. मनात काही ठेवलंय का, ते बघ. की टपालातच कुणी अडवलं? त्यांना सांग, मी आल्यावर संघात मागच्या बाकावर बसून ऐकेन, काही बोलणार नाही. बोललोच तर एखादी शंका विचारेन.

आता तुझ्या कामाचं. मी खुर्चीत बसेन आणि तोंड उघडेन. तू पट्टी घालशील, मेण घालशील, जे करायचं ते कर. माझ्या डोळ्यांकडे बघू नकोस. या वयात डोळे उगाचच भरतात, त्याचा दातांशी काही संबंध नसतो. तुला बरं वाटावं म्हणून मी मान हलवणार नाही. तुझा हात थरथरला तर थरथरू दे, मी 'चालेल' म्हणणार नाही.

जिथे दुखेल, तिथे मी हात वर करीन.

तुझे आजोबा